हरणांच्या बागेपर्यंतची चाल

आपल्या चालणाऱ्यांच्या मंडळाच्या कार्यकारिणीने स्मरणिकेसाठी ‘संस्थेचा इतिहास’ लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं, त्याचं कारण माझी लेखणी नाही. दफ्तर माझ्या घरी आहे, एवढंच. दफ्तर म्हणजे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात तीन इतिवृत्त वह्या, पहिल्या अकरा पावत्या फाडलेलं एक पावतीपुस्तक, रबरबँडने बांधलेली रेल्वेची जुनी तिकिटं आणि लळिंगच्या कुरणात सापडलेलं मोराचं अर्धं पीस. पंचवीस वर्षांचा कारभार एवढ्यात मावतो, याचा मला अभिमान वाटतो. घटना नाही, नोंदणी नाही, कोर्टकचेरी नाही.

पहिल्या वहीची पहिली नोंद अशी: ‘आज हजर सात. मेहरूण तलाव, एक फेरी. चहा नानांकडून.’ हाच आपला स्थापना दिवस. दीपप्रज्वलन झालं नाही, कारण उजाडलं होतं.

जळगावकरांना सांगायला नको, पण धुळ्याच्या सभासदांसाठी लिहितो. त्या काळी आम्ही सकाळी काव्यरत्नावली चौकात जमायचो आणि मेहरूणकडे निघायचो. कवितांच्या मासिकाचं नाव चौकाला देणारी गावं महाराष्ट्रात फार नसावीत. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावातून ‘काव्यरत्नावली’ सुरू केलं. केवळ कवितेला वाहिलेलं मासिक, तेही मुंबई-पुण्यात नव्हे तर खान्देशात. आज त्या चौकात पोह्यांची गाडी आणि चालणाऱ्यांची गर्दी जास्त, हा काळाचा महिमा. आमच्यातले निम्मे डॉक्टरांनी पिटाळलेले होते. साखर, रक्तदाब, गुडघे, ज्याचं त्याचं निमित्त. बोरांच्या दिवसांत मेहरूणची बोरं खात फेरी पूर्ण व्हायची आणि साखर होती तिथेच राहायची.

असंच दोन-अडीच वर्षं चाललं असतं आणि विझलं असतं, जशी बहुतेक मंडळं विझतात. पण एका सकाळी नाना तलावाच्या काठावर थांबले. नाना शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, “आपण घाण्याच्या बैलासारखे त्याच पाण्याभोवती फिरतोय. फिरायचंच तर एखाद्या राजाने मुद्दाम फिरण्यासाठी केलेल्या जागी फिरू.” आमच्यातल्या आबांनी विचारलं, “खान्देशात राजा कुठला? आणि त्याची बाग कुठली?” नाना म्हणाले, “आपल्याला राजाही होता, राजधानीही होती, बागही होती. आपण तिला परराज्यात सोडून आलो.”

हे वाक्य वहीत जसंच्या तसं आहे, खाली दोन रेघा मारून. पुढचा सगळा इतिहास त्या दोन रेघांचा आहे.

नानांचा राजा फारुकी घराण्यातला. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा याला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला. करवंद आज शिरपूर तालुक्यातलं गाव आहे, थाळनेरही तिथेच, तापीकाठी. १३९९ मध्ये मलिक राजा वारला. लळिंगचा किल्ला थोरल्या नासीरखानाकडे आला आणि थाळनेर धाकट्याकडे. नासीरखानाने पुढे भावाचं थाळनेर घेतलं, आसा अहिराकडून असीरगड घेतला आणि तापीच्या दोन काठांवर दोन गावं वसवली. उत्तर काठावरचं बुऱ्हाणपूर, समोरचं जैनाबाद. खुलताबादला ज्यांचे दर्गे आहेत त्या बुऱ्हाणुद्दीन आणि जैनुद्दीन या दोन सूफींची नावं त्यांना दिली. गुरू-शिष्य खुलताबादला शेजारी झोपलेले, इथे समोरासमोर, मध्ये नदी. असीरगड लबाडीने घेतला, डोल्यांतून बायकांऐवजी सैनिक आत पाठवले, अशी कथा फिरिश्त्याने लिहून ठेवली आहे. आमच्या माई ती ऐकून म्हणाल्या, “म्हणजे अहिरांचा भोळेपणा तेव्हापासूनचा.” माईंचं माहेर अहिराणी बोलणारं, म्हणून हे त्यांनीच म्हणावं.

१६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि फारुकींचं राज्य संपलं. म्हणजे सव्वादोनशेहून जास्त वर्षं खान्देश हा फारुकींचा मुलूख होता. शाळेत असताना यातलं एक अक्षर मला कुणी शिकवलं नव्हतं. नाना ज्या शाळेत होते तिथे शिकवत असतील.

पण बागेकडे जाण्याआधी मंडळाने अभ्यास म्हणून जवळचे तीन टप्पे केले. यातूनच धुळे आणि जळगाव एक झाले, म्हणून ते थोडक्यात सांगतो. इंग्रजांनी १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. आपण ते सांधायला पारोळ्याला भेटलो. पारोळा मध्ये पडतो आणि तिथल्या किल्ल्याला फेरी मारता येते. हरि सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधलेला हा भुईकोट आहे, खंदकासकट. झाशीच्या नेवाळकरांचं नाव या ठिकाणाशी जोडलेलं आहे. खंदकाच्या कडेने चालताना धुळ्याचे दहा आणि जळगावचे नऊ अशी मोजणी वहीत आहे, आणि पुढे कंसात ‘धुळेकर भरभर चालतात’ अशी तक्रार.

दुसरा टप्पा लळिंग. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने दहाएक किलोमीटर. वर नासीरखानाचा किल्ला, खाली वनखात्याचं कुरण. पावसाळ्यात तिथे चालण्यासारखं सुख नाही. गुडघाभर गवत, त्यात दडलेले मोर, ओढ्याला पाणी. कुरणात एक जुना विश्रामबंगला आहे, त्याचं नाव लांडोर बंगला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली धुळ्याला आले तेव्हा इथे उतरले होते आणि त्याची आठवण म्हणून दर ३१ जुलैला इथे मोठा समुदाय जमतो. आमची लळिंगची फेरी पहिल्या वर्षी योगायोगाने त्याच दिवशी पडली. आम्ही वीसजण स्वतःला मोठं मंडळ समजत होतो. त्या गर्दीत शिरल्यावर आमची आम्हाला किंमत कळली. एका म्हातारबाईंनी आमच्या हातावर बुंदी ठेवली आणि “कथा चालनात भो?” विचारलं. “फिरायला आलोय” म्हटल्यावर त्या हसल्या. फिरायला कुणी लळिंगला येतं, हे त्यांना पटलं नाही.

तिसरं थाळनेर. तापीच्या काठावर पडका किल्ला आणि फारुकींच्या कबरी. त्यातली एक अष्टकोनी आहे आणि तिच्यावरचं दगडी कोरीवकाम पाहताना ड्रॉइंग मास्तर अण्णा तासभर हलले नाहीत. नासीरखान १४३७ मध्ये बहमनी सैन्याकडून हरून लळिंगला आला आणि तिथेच वारला. ज्या गडाखाली आम्ही बुंदी खाल्ली, तिथेच. थाळनेरच्या कबरींपाशी नानांनी हे सांगितलं तेव्हा आमच्या फेऱ्यांना पहिल्यांदा एक धागा मिळाला: पिता, पुत्र, गड, नदी, आणि आता राहिली होती ती बाग.

बागेचं नाव आहूखाना. आपल्याला जामदारखाना, नगारखाना, पीलखाना हे शब्द ओळखीचे; आहू म्हणजे फारसीत हरीण. आहूखाना म्हणजे हरणांचं घर. तापीच्या दक्षिण काठावर, जैनाबादच्या बाजूला, राजवाड्यापासून नदीपलीकडे राखलेलं शाही मृगवन. अकबराचा मुलगा दानियाल बुऱ्हाणपुरात सुभेदार होता, शिकारीचा आणि दारूचा शौकीन. आहूखान्याशी त्याचं नाव जोडतात. तो याच शहरात दारूपायी तरुणपणी वारला. पुढे शहाजहान आणि औरंगजेब या दोघांच्याही आयुष्यात ही बाग येते, आणि दोन्ही वेळा बाई गेल्याचं दुःख घेऊन येते.

आपली पहिली फेरी माघात गेली. भुसावळला गाडी बदलली, सावदा, निंभोरा, रावेर करत केळीच्या बागांमधून पुढे निघालो. वाघोड्यानंतर राज्य बदलतं, खिडकीतून मात्र तीच काळी माती आणि तीच केळी दिसत राहते. स्टेशनचा भाग लालबाग म्हणून ओळखला जातो, तेव्हा आम्हाला वाटलं पोहोचलो. बाग म्हटल्यावर बाग! अण्णांनी वही काढून रेखाटनाची तयारीही केली. शहर तिथून दोन-तीन किलोमीटर आणि आहूखाना त्याच्याही पुढे, नदी ओलांडून. रिक्षावाल्यांना ‘आहूखाना’ म्हटलं की ते मान हलवायचे. चौथा म्हणाला, “मुमताज़ वाला? पहले बोलना था ना.” त्या दिवशी आम्ही रिक्षेने गेलो, घाईत पाहिलं आणि गाडी चुकेल म्हणून पळत परतलो. वहीत त्या दिवसाची नोंद एका ओळीची आहे: ‘भरीत कमी पडले.’

नाना परतीच्या गाडीत गप्प होते. भुसावळ आल्यावर म्हणाले, “राजाने चालायला केलेली जागा आपण रिक्षेतून बघितली.” तेव्हा ठरलं की पुढच्या वर्षी शाही किल्ल्यापासून आहूखान्यापर्यंत पायी. आपल्या मंडळाचा एकमेव कायमस्वरूपी ठराव तो.

ती चाल आता वीसहून जास्त वेळा झाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सकाळी किल्ल्याच्या तटावर उभं राहायचं. खाली तापी, माघात पात्र निम्मं झालेलं, खडक उघडे. समोरच्या काठावर झाडी आणि त्यात बारादरीचा पुसट आकार. शहाजहान १६३० मध्ये दख्खनच्या मोहिमेसाठी इथे येऊन राहिला तेव्हा याच वाड्यात होता. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात इथेच गेली. तिला नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलं आणि सहा महिन्यांनी डिसेंबरमध्ये आग्र्याला नेलं. ताजमहालाच्या आधीची तिची जागा खान्देशात होती.

तटावर नाना नेमकं इथवर सांगून थांबायचे आणि मग दुसरी गोष्ट काढायचे. त्याच सालांत गुजरात आणि दख्खनात भीषण दुष्काळ होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरला निघाला. ती वाट आपल्याच गावांमधून जाते: नंदुरबार, थाळनेर, चोपडा, तापीच्या कडेकडेने. त्याने वाटेत जे पाहिलं ते लिहून ठेवलं आहे. रस्त्याकडेला प्रेतं, उकिरड्यात दाणे शोधणारी माणसं, तंबू ठोकायला मोकळी जागा सापडू नये इतके मुडदे. शहाजहानने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, वीस सोमवारांत एक लाख. इतिहासकार ते दानधर्म म्हणून लिहितात. धुळ्याच्या एका ताईंनी, ज्यांचं सासर नंदुरबारकडचं, तटावर एकदा विचारलं होतं की आमच्या गावातल्या किती जणांपर्यंत तो सोमवार पोहोचला असेल. नानांकडेही उत्तर नव्हतं. हरणांच्या बागेत फिरताना मला ताजमहाल आठवत नाही, ताईंचा तो प्रश्न आठवतो, आणि आपल्या पूर्वजांपैकी कोण या बागेच्या वाटेवर संपलं असेल याचा विचार येतो.

मग गल्ल्यांतून खाली. वाटेत जामा मशीद लागते, फारुकींच्या शेवटच्या काळातली. आत अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. आपल्याबरोबर एक निवृत्त शास्त्रीबुवा असत, ते तो मोठ्याने लावून वाचत आणि मशिदीतले लोक कौतुकाने उभे राहून ऐकत. बाजारात पाट्या हिंदी, पण भाजीवाली आमच्याशी मराठीत भाव करते. बुऱ्हाणपूर १८६० मध्ये शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेलं आणि नेमाडात घातलं गेलं, म्हणून ते आज मध्य प्रदेशात आहे. २००३ पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे. कागदावरची ही हकिकत भाजीवालीला विचारून झालेली नव्हती. मावा जिलेबी आणि दराबा परतीच्या वेळी घ्यायचा, हा नियम आहे, आणि तो दरवर्षी मोडला जातो.

पूल ओलांडला की शहराचा आवाज मागे राहतो. इथे मंडळाचा वेग आपोआप उतरतो. पंचवीस वर्षांत मी एक गोष्ट टिपली आहे: आम्ही मेहरूणला घड्याळ बघत चालतो, लळिंगला मोर बघत, आणि इथे पायाखाली बघत. उंचावर मोकळं माळरान. एका टोकाला बारादरी, दुसऱ्या टोकाला महालाचा सांगाडा, मध्ये कोरडा हौद. चुन्याचा गिलावा जिथे पडला आहे तिथे पातळ विटांचे थर दिसतात. अण्णांनी एकदा त्या विटेवर आपली पेन्सिल आडवी धरून पाहिली. वीट पेन्सिलीच्या चार-पाच जाडीपेक्षा फार मोठी नव्हती. त्यांच्या वहीत ते मोजमाप आणि खाली हौदाचा काठ काढलेला आहे. हौदात पाणी असेल तेव्हा एका टोकाची इमारत दुसऱ्या टोकाच्या माणसाला दोनदा दिसत असणार, एकदा वर आणि एकदा पाण्यात. आता तिथे एक शेळ्या चारणारा मुलगा काठावर बसून मोबाइल बघत असतो. शेळ्याच आहूखान्याची सध्याची हरणं, असं आबा म्हणतात.

औरंगजेबाची गोष्ट बारादरीच्या सावलीत बसून सांगायची, ही प्रथा नानांनीच पाडली. १६५३ मध्ये तो दख्खनचा सुभेदार म्हणून बुऱ्हाणपूरला आला. एके दिवशी मावशीच्या परिवाराबरोबर आहूखान्यात आला असताना हिराबाई नावाच्या मुलीने उडी मारून आंब्याच्या झाडावरचं फळ तोडलं. तिचं हे निर्भीड वागणं पाहून शाहजादा घायाळ झाला. ‘मआसिर-उल-उमरा’त ही हकिकत आहे. हिराबाई जैनाबादी म्हणून तिचं नाव राहिलं, ती लवकरच गेली आणि औरंगाबादला तिची कबर झाली. ही गोष्ट संपली की कुणीतरी नवखा सभासद हमखास विचारणार, “मग ते आंब्याचं झाड कोणतं?” नाना गंभीर चेहऱ्याने कुठल्या तरी झाडाकडे बोट करत. दरवर्षी वेगळं झाड. एका वर्षी त्यांनी कडुनिंब दाखवला आणि तरी तीन जणांनी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढले. ते फोटो स्मरणिकेत छापावेत अशी माझी सूचना कार्यकारिणीने फेटाळली आहे.

ज्यांचे पाय अजून चालतात ते दुपारी तापी-मोहना संगमावर मिर्झाराजे जयसिंगांची छत्री बघायला जातात. पुरंदरचा तह करून घेणारा हा सेनापती १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला. पुढे १६८१ मध्ये संभाजीराजांच्या वेळी हंबीरराव मोहित्यांनी शहराजवळचं बहादूरपुरा लुटलं. मराठी इतिहासात बुऱ्हाणपूर बहुतेक लुटीच्या नाहीतर तहाच्या निमित्ताने येतं, यावर शास्त्रीबुवा आणि नानांचा दरवर्षी वाद व्हायचा. वाद वहीत नाही, आवाज माझ्या कानात आहे.

२०२० मध्ये फेरी माघात झाली आणि नंतर दीड-दोन वर्षं मंडळच घरात बसलं. वही कोरी आहे. त्या काळात शास्त्रीबुवा गेले, नाना गेले. मेहरूणला पुन्हा जमलो तेव्हा पहिल्या दिवशी हजर सात, अगदी पहिल्या नोंदीइतकेच. चहा कुणाकडून हे लिहिताना माझा हात थांबला, म्हणून ती ओळ तिथे नाही.

त्यानंतर मंडळ पुन्हा भरलं ते धुळ्यामुळे. पांझराकाठी सकाळी चालणाऱ्या बायकांचा एक गट आपल्यात आला आणि आज यादीत बायका जास्त आहेत. त्यांनी दोन बदल केले. लळिंगच्या फेरीला नातवंडं आणायला सुरुवात झाली, आणि आहूखान्यात जुन्या गोष्टी सांगायचं काम ताईंकडे आलं. ताई आंब्याचं झाड दाखवत नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणतात, “नानांना विचारा,” आणि पुढे चालू लागतात.

यंदाची फेरी नेहमीप्रमाणे माघात आहे. धुळेकरांनी आदल्या संध्याकाळच्या एसटीने जळगावला मुक्कामी यावं, अंथरुणांची सोय आबांकडे आहे. पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी आणि चालण्याचे बूट आणावेत. चपला घालून आलेल्यांना पुलाच्या अलीकडे ठेवून दिलं जाईल. वांगी आसोद्याची आणायची ठरली आहेत. कळण्याच्या भाकरी धुळ्याकडून. गेल्या वर्षीही वहीत शेवटची नोंद ‘भरीत कमी पडले’ हीच आहे, म्हणून यंदा भरिताचं पातेलं दीडपट घेतलं आहे.